रेट काय म्हणायचा?

मांडवाचे खांब अजून पुरते रोवलेले नसतात. धूळ दाबायला पाण्याचा टँकर चकरा मारत असतो, स्टॉलवाली पोरं खोकी फोडत असतात, आणि आमचे तात्या मैदानावर हजर असतात. उद्घाटन दुसऱ्या दिवशी असतं. पण तात्यांच्या मते उद्घाटनादिवशी दिसतो तो मंत्री, औजारं नव्हेत. औजार बघायचं तर ते खोक्यातून निघताना बघावं. "एकदा झेंडूच्या माळा घातल्या की नांगूर काय आन् नवरदेव काय, समदं ब्येसच दिसतंय," असं म्हणत ते एखाद्या पेरणीयंत्राखाली वाकतात आणि वेल्डिंगवरून अंगठा फिरवतात. मग कंबर धरून उठतात आणि वर्षभर जपून ठेवलेला प्रश्न टाकतात : "रेट काय म्हणायचा?"

तात्या माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. पण हे नातं माझ्यापुरतं. असे तात्या खटावात आहेत, वाळव्यात आहेत, इंदापुरात आणि मोहोळातही आहेत. कुठे त्यांना आप्पा म्हणतात, कुठे बापू. पायजमा, सदरा, टोपी, वरच्या खिशात पेन आणि हातात दोन पिशव्या : एक भरलेली, एक घडी घातलेली. भरलेल्या पिशवीत भाकरी, खर्डा आणि कांदा. घडीच्या पिशवीत प्रदर्शन भरून आणायचं असतं.

तात्यांचं साल पाडव्याला सुरू होत नाही, नोव्हेंबरात सुरू होतं. २५ नोव्हेंबर ही यशवंतराव चव्हाणांची पुण्यतिथी. तिच्या आगेमागे कराडच्या बैलबाजार तळावर कृषी प्रदर्शन भरतं, तिथे तात्यांचा नारळ फुटतो. डिसेंबरात मोशीचं 'किसान'. मार्गशीर्ष सरता सरता पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराचा गड्डा, जानेवारीतच बारामती, मग कोल्हापूर. या दिवसांत घरात लग्नकार्य निघालं तर भटजींच्या आधी तात्यांना विचारावं लागतं. एका पुतणीच्या साखरपुड्याला ते बारामतीहून थेट आले. उशिरा आले, आणि हातात कणसासकट ज्वारीचं ताट घेऊन आले. ओवाळायचं थांबलं, सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. नवऱ्या मुलाचे वडील पुढे झाले. आता काहीतरी लागट बोलणार म्हणून आमच्या पोटात गोळा. त्यांनी कणीस हातात घेतलं, दाणा दाताखाली धरला आणि विचारलं, "वाण कुठला?" पुढचा अर्धा तास दोघं मांडवाच्या कडेला उकिडवे बसून बोलत होते. मानपानाचा विषय त्या लग्नात निघालाच नाही.

मोशीवर मात्र तात्यांचा राग आहे. तिथे आत जायला तिकीट पडतं. "शेती बगायला तिकीट? उद्या बांदावं बसायला बी पास काडा." दरवर्षी हे बोलून दरवर्षी ते तिकीट काढतात, आणि घातलेले पैसे वसूल करायचे म्हणून दारं बंद होईस्तोवर बाहेर पडत नाहीत.

खरा जीव रमतो तो पुसेगावच्या तळावर. नोटांच्या माळांनी झाकलेल्या रथाला हात जोडायचे, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकायचा आणि सरळ जनावरांत शिरायचं, हा त्यांचा क्रम. तळावर ओळीने खिल्लार बांधलेली असतात. कोसा, काजळी, ताठ वशिंड, मागे जाऊन वर वळलेली शिंगं, अंगावर झूल. तात्या झूल बघत नाहीत. ते थेट तोंडाशी जातात, डाव्या हाताने नाकपुडी धरतात, उजव्या अंगठ्याने खालचा ओठ दाबतात आणि दात मोजतात. दुधाचे दात असतील तर अदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती आणि आठही आले की जुळला. मालकाने "चारदाती हाय" म्हटलं की तात्या हसतात. नुसतं हसतात. ते हसू मालकाला इतकं झोंबतं की तो स्वतः वाकून आपल्याच बैलाचे दात पुन्हा मोजतो.

तात्यांच्या दावणीला बैल नाही. शेवटची जोडी विकून बरीच वर्षं झाली. आता नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होते आणि गोठ्यात एक जर्सी, एक म्हैस. पण हे तळावर कुणाला कळायचं कारण नाही, आणि त्यामुळेच तात्या सौद्यात उतरतात. जनावराच्या बाजारात भाव तोंडाने ठरत नाही. देणारा आणि घेणारा हातात हात देतात, वरून उपरणं नाहीतर टॉवेल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा बोलतात. किती बोटं धरली, पंजा धरला की नुसती टोकं, सगळ्याला अर्थ असतो. भोवती पंचवीस माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांतच राहतो. चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलता कामा नये. तात्या या कलेत वाकबगार. एकदा एका आटपाडीकडच्या व्यापाऱ्याशी त्यांचा हात तासभर टॉवेलखाली होता. दलालाने चहा मागवला, गर्दी जमली, व्यापारी उतरत उतरत आला, तात्या चढत चढत गेले, शेवटी बोटं जुळली. व्यापाऱ्याने टॉवेल उडवला, दलालाने पाठीवर थाप मारली. तात्या म्हणाले, "घरी इचारून सांगतो."

व्यापारी काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिथून आम्ही चालायला लागलो ते धावल्यासारखंच. जरा लांब आल्यावर मी म्हटलं, "तात्या, घ्यायचंच नव्हतं तर एवढा वेळ कशाला घातलात?"

"भाव कळाय नको?"

"कळून काय करायचं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढे मी विचारलं नाही.

शर्यतींचंही तसंच. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यती बंद केल्या. तात्या तरीही शर्यतीच्या रानात जाऊन उभे राहायचे. धावपट्टी नाही, गाडे नाहीत, हरभरा पेरलेला, तात्या बांधावर. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानेही राज्यांचे कायदे उचलून धरले, तेव्हा तात्यांनी मोबाइलवर आलेली ती बातमी मला वाचून दाखवायला लावली. ऐकून म्हणाले, "म्हंजी बैल जिकला म्हणायचा." मी म्हटलं, "बैलाला कोणी विचारलं होतं का?" तात्या गप्प. मग म्हणाले, "शेतकऱ्याला तरी कोण इचारतंय?"

दुपार झाली की ते पेंडीच्या पोत्यांवर बसून भाकरी सोडतात. शेजारच्या स्टॉलवरच्या पोराला बळेच अर्धी भाकरी देतात. त्या पोराला काय कल्पना, आता त्याच्याकडची सगळी माहिती निघणार आहे! कंपनीचा माणूस की डीलरचा, पगार किती, कमिशन किती, हंगाम संपल्यावर शिल्लक माल कुठे जातो. तात्या कुणालाही उलटतपासणी घेतल्यासारखं विचारत नाहीत. ते खर्ड्याबरोबर विचारतात.

कुठल्या स्टॉलवर आपण कोण आहोत, हेही त्यांचं ठरलेलं आहे. ठिबकच्या स्टॉलवर गेले की त्यांचं रान साडेचार एकर होतं, कारण पाच एकरांच्या आत असलं तर अनुदान ८० टक्के आणि वर गेलं तर ७५. ट्रॅक्टरच्या स्टॉलवर तेच रान वीस एकर बागायत होतं, कारण तिथे लहान शेतकऱ्याला पोरं पत्रक देऊन वाटेला लावतात आणि मोठ्याला खुर्ची देतात, थंड पाणी देतात. खुर्चीवर बसून तात्या बॉनेटला थाप मारतात, पुढच्या चाकाला पायाचा अंगठा लावून बघतात आणि विचारतात, "डिझेल किती खातोय?" दोन स्टॉल समोरासमोर लागले होते तेव्हा पंचाईत झाली. ठिबकवाला ट्रॅक्टरवाल्याकडे चहा प्यायला आला आणि साडेचार एकरवाले तात्या वीस एकरांच्या खुर्चीत सापडले. तात्या डगमगले नाहीत. म्हणाले, "वाटण्या हुईत्यात की हो."

मोठ्या गर्दीच्या जागा त्यांना फारशा पटत नाहीत. हरियाणाकडचा मुऱ्हा रेडा बघायला माणसं रांग लावून फोटो काढतात, मागे पाटीवर कोटीतली किंमत. तात्या पाटी दोनदा वाचतात. "ही सांगितलेली किंमत का झालेली?" रेडा विकायचा नाही, असं उत्तर येतं, त्याचं उत्पन्न वीर्यमात्रांवर. यावर तात्या खिशातलं पेन काढून एका पत्रकाच्या पाठीवर हिशेब मांडतात, खुराकाचा, काजू-बदामाचा, माणसाचा, गाडीभाड्याचा, आणि शेवटी मान हलवून पुढे निघतात. कमरेएवढी पुंगनूर गाय बघितल्यावर एवढंच म्हणाले, "हिला दावं बांधायचं का दोरा?" पंढरपुरी म्हशीपाशी मात्र थांबले. तलवारीसारखी लांब शिंगं पाहून एक शहरी बाई विचारत होत्या, ही गोठ्याच्या दारातून आत कशी जाते? तात्यांनी स्वतःची मान तिरकी करून, एक खांदा खाली घालून, दोन पावलं चालून दाखवलं. बाईंच्या मुलाने मोबाइलवर त्याचं चित्रण केलं. म्हशीचं नाही केलं.

ड्रोनचं प्रात्यक्षिक मी विसरणार नाही. निवेदक माइकवरून ओरडत होता : दहा लिटरची टाकी, दहा मिनिटांच्या आत एकर, मजूर नको, पाठीवर पंप नको. ड्रोन उठला, धूळ उडाली, टोप्या उडाल्या. फवारणी झाली, टाळ्या झाल्या. "काही शंका?" तात्यांचा हात वर. "वारं सुटलं आन् फवारा शेजाऱ्याच्या रानात गेला, तर औशिदाचं पैसं कुणाकडनं घ्यायचं?" लोक हसले. निवेदकही हसला. पण ड्रोन चालवणारा इंजिनिअर पोरगा हसला नाही. तो खाली आला आणि वाऱ्याचा वेग किती असला की उडवायचं नाही, हे तात्यांना समजावून सांगत बसला. माइकवर ते कोणी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी घडीची पिशवी फुगलेली असते. पत्रकं, कार्डं, बियाणे कंपनीच्या टोप्या, एक कॅलेंडर, खताचा नमुना. भाग्यवान शेतकऱ्याला ट्रॅक्टर अशी सोडत प्रत्येक मांडवात असते आणि तात्या प्रत्येक डब्यात कुपन टाकतात, मोबाइल नंबरासकट. ट्रॅक्टर लागत नाही. फोन लागतात. वर्षभर, नेमके धारेच्या वेळेला. दुसरा कोणी असता तर चिडला असता. तात्या म्हशीच्या कुशीला डोकं टेकवून फोन खांद्यात धरतात.

"सर, आपण आमच्या ट्रॅक्टरमध्ये इंटरेस्ट दाखवला होता."

"हाय की. बाळ, तू कुठनं बोलतीस?"

"पुण्यातून, सर."

"त्ये झालं. मूळ गाव?"

मूळ गाव लातूरकडचं निघतं. मग सोयाबीनचा भाव निघतो. हमीभाव काय आणि हातात पडतंय काय हे निघतं, तिच्या वडिलांच्या बोअरला पाणी किती फुटांवर लागलं ते निघतं. "हा कॉल प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड होत आहे," असं ती सुरुवातीला म्हणालेली असते. कुणाचं प्रशिक्षण होत असेल कोण जाणे.

पत्रकांचं पुढे काय होतं? काही फळीवर डब्यांखाली जातात, काहींचे लसणाला पुडे होतात. एक मात्र शेतात उतरलं, ते काकींमुळे. काकी पुसेगावला तात्यांबरोबर जातात पण त्यांच्याबरोबर फिरत नाहीत. बांगड्या, बचतगटाचे पापड, आकाशपाळण्याखालची भेळ असं करत त्या कोंबड्यांच्या पिंजऱ्यांपाशी पोचतात. तात्या एका वर्षी मिल्किंग मशीनचा सायकल-पंपाशी काही संबंध लागतो का हे तपासत असताना काकींनी गिरिराजची पिल्लं घेतली, खोक्याला भोकं पाडून घेतली, खोकं मांडीवर ठेवून एसटीत बसल्या. आता अंड्यांचे पैसे त्यांच्या गाठीला असतात. तात्या पाहुण्यांना सांगतात, "आमी परसातलं कुक्कुटपालन सुरू केलंय." काकी आतून म्हणतात, "आमी म्हंजी कोण?"

घेत काहीच नाहीत असं नाही. दर यात्रेला एक खुरपं घेतात, त्याची धार नखावर बघून, आणि एक कासरा. बैल नाही, पण कासरा. "घट पिळाचा मिळाला," एवढंच कारण. माळवदाच्या खुंटीला असे बरेच कासरे लटकतात. कपडे वाळत घालायला लागतील म्हणून काकींनी एकदा त्यातला एक काढला, तर तात्या दोन दिवस बोलले नाहीत.

कंपन्यांच्या लोकांना हे असले तात्या म्हणजे कटकट वाटते. विचारतात फार, घेत नाहीत काही. पण माझं मत जरा निराळं होत चाललंय. इमूपालनाची लाट आली होती तेव्हा प्रदर्शनात त्यांचेही मांडव लागायचे. पैसे भरा, पक्षी घ्या, अंडी आम्हीच विकत घेऊ, असा सौदा. तात्यांनी रेट विचारला, खाद्य विचारलं, आणि मग म्हणाले, "तुमच्याबिगर आणिक कोण घेतंय का हो ही अंडी?" समोरचा म्हणाला, "आम्ही लिहून देतो ना!" तात्यांनी पत्रक पिशवीत टाकलं आणि रात्री पारावर हाच प्रश्न गावाला सांगितला. २०१२ च्या सुमारास त्या योजना कोसळायला लागल्या. पुढे कडकनाथची तशीच योजना आली, तिच्यात २०१९ साली आमच्या भागातल्या शेतकऱ्यांचे कोट्यवधी बुडाले. आमच्या गावचं एकही घर नव्हतं त्यात. तात्यांचा सत्कार वगैरे कोणी केला नाही, कारण न घेतलेल्या वस्तूचा सत्कार कसा करणार?

अर्थात ठिबकलाही ते दहा-बारा वर्षं असंच "बगू" म्हणत राहिले. उंदीर नळ्या खातात, हे कारण. उंदीर नळ्या खातात हे खरंच आहे, पण तोवर पाटाने पाणी देऊन खालचं रान मिठाळ झालं, त्याचं काय? हे त्यांच्यासमोर काढलं की ते टोपी काढून झटकतात आणि बाहेर जातात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढतं म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत रोज येऊन फाळावर नख वाजवून रेट विचारून जाणारी जी माणसं होती, ती तात्यांच्याच कुळीतली असणार. आणि शेवटी नांगर घेतला तोही बहुधा त्यांनीच.

कारण परवा ट्रॅक्टर घेतला. तात्यांनी नव्हे, त्यांच्या धाकट्या पुतण्याने, म्हणजे माझ्या चुलतभावाने. पण शोरूमला तात्यांना नेल्याशिवाय त्याची सही करायची छाती झाली नाही. काचेचं दार, थंडगार हवा, टाय लावलेला पोरगा. पोराने कोटेशन टेबलावर ठेवलं, डिस्काउंट खाली लाल अक्षरात. तात्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. खुर्ची पुढे ओढली, खांद्यावरचा टॉवेल काढला, पोराचा उजवा हात धरून टेबलावर घेतला आणि वरून टॉवेल टाकला. आत चार बोटं दाबली. पोरगा घामाघूम. हात सोडवावा तर गिऱ्हाईक जातं, न सोडवावा तर मॅनेजर बघतोय. तात्यांचा चेहरा तळावर असतो तसा, कोरा. पुन्हा चार बोटं, यावेळी टोकं धरून.

"आजोबा," पोरगा कळवळून हळूच म्हणाला, "इथं सगळीकडं कॅमेरे आहेत हो."

"म्हणून तर टावेल टाकलाय," तात्या म्हणाले.